करदोट्याची साक्ष

करदोटा तुटला म्हणजे दोरा कच्चा निघाला, असे म्हणण्याची आमच्या घरी जुनी चाल आहे. चाळिशीपासून साठीपर्यंत असे कच्चे दोरे माझ्या वाट्यास किती आले याचा हिशेब मी ठेविला नाही. पण प्रत्येक वेळी नवा दोरा आधीच्यापेक्षा दोन बोटे लांब कापावा लागे, हे चांगले स्मरते. सौभाग्यवतींनी एकदा विचारलेही, "दोरा आखूड होतो, की आणखी काही?" तेव्हा हल्लीच्या सुताच्या प्रतीविषयी दोन कठोर शब्द बोलून मी तो विषय मिटविला. छत्तीस वर्षे मुलांस संस्कृत शिकविलेल्या माणसास कार्यकारणभाव कळत नव्हता असे नव्हे. तो स्वतःच्या कमरेभोवतीचा होता, एवढेच.

उदरवृद्धीचा विषय या सदरात घेण्यास मी आजवर कचरत आलो, त्याचे खरे कारण मात्र विनोदाचे नाही. माझे थोरले बंधू २००४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्या एकाच झटक्याने गेले. दादांस लठ्ठ असे कोणीही म्हटले नसते. हातपाय काटकुळे, गाल बसलेले, वजन अवघे ६२ किलो. उघड्या अंगाने पूजेस बसले म्हणजे तेवढा सोवळ्याच्या गाठीवर पोटाचा लहानसा गोळा दिसे, आणि 'खात्यापित्या घरचे लक्षण' म्हणून आम्ही सारे त्याचे कौतुक करीत असू. ते गेल्यावर कागदपत्रे चाळताना मधुमेहाच्या तपासणीचा एक कागद हाती आला. त्यांनी तो घरात कोणास दाखविला नव्हता.

ज्या वर्षी दादा गेले त्याच वर्षी 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. मला ते पुष्कळ वर्षांनी पाहावयास मिळाले. त्यांपैकी एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडातील डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा जो बॉडी मास इंडेक्स नामक आकडा असतो, तो दोघांचाही २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. तराजूच्या लेखी दोघे जुळे भाऊ. चरबीच्या लेखी दुपटीहून अधिक अंतर. ते छायाचित्र पाहिले आणि दादांचे काटकुळे हातपाय माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा व त्यांच्या अर्भकांचा जो अभ्यास केला, त्यात हे मूळ आणखी खोल असल्याचे आढळून आले. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्वच मापांनी लहान. स्नायू कमी, हाडे बारीक. परंतु कातडीखालची चरबी त्या मानाने मुळीच कमी नाही. म्हणजे आपल्या देहाची घडणच अशी की, मांस थोडे व मेद जास्त, आणि वय वाढू लागले म्हणजे हा मेद मुख्यतः पोटात साठतो. चरकाचार्यांनी आठ निंदित पुरुषांत अतिस्थूलाची गणना करून स्थौल्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोप यांच्या जोडीस बीजस्वभावही सांगितला आहे. वडिलोपार्जित इस्टेटीत सर्वांस हटकून वाटा मिळतो असा एवढा एकच जिन्नस.

आता, पोटावरची चरबी व पोटातली चरबी या दोन भिन्न वस्तू आहेत. जी चिमटीत धरता येते ती कातडीखालची. ती दिसण्यास वाईट, पण तितकीशी घातक नव्हे. दुसरी आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास दडून असते. तिच्यातून सुटणारी स्निग्ध द्रव्ये रक्तावाटे थेट यकृतात जातात, इन्सुलिनचे कार्य मंदावते, आणि मधुमेह, रक्तदाब, यकृतात मेद साचणे, हृदयविकार अशी मालिका सुरू होते. म्हणून वजनाच्या काट्यापेक्षा कमरेच्या मापावर अधिक विश्वास ठेवावा. भारतीय पुरुषांस ९० सेंटिमीटर व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा वैद्यकशास्त्राने घातलेली आहे. फीत नसेल त्याने सुतळी घ्यावी. टाचेपासून टाळूपर्यंत आपली उंची मोजून ती तेवढी कापावी, दुहेरी करावी आणि बरगडीचे खालचे टोक व कमरेचे हाड यांच्या मधोमध पोटाभोवती धरावी. सहज श्वास सोडल्यावर दोन टोके भेटली तर ठीक. श्वास रोखून पोट आत ओढणाऱ्याने सुतळीस फसविले असे समजू नये.

गेल्या पौषात एका रविवारी मी घरातील सर्व वडीलधाऱ्यांस ओसरीवर उभे करून ही परीक्षा घेतली. माझा स्वतःचा निकाल ९९ सेंटिमीटर. तो प्रथम जाहीर करून टाकिला, म्हणजे पुढे कोणी तक्रार करू नये. मग दादांचा थोरला मुलगा उभा राहिला. पंचेचाळिशीचा, बापासारखाच अंगाने किरकोळ, दिवसभर संगणकापुढे बसून काम करणारा. त्याच्या सुतळीची टोके चार बोटांनी चुकली. सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे रक्त तपासून आणविल्याखेरीज त्यांनी पाणी घेतले नाही. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. आत पाऊल पडले नव्हते.

त्याच दिवशी आमच्या सूनबाईंचे माप ९१ भरले. घरात पहाटे प्रथम उठणारी व रात्री शेवटी निजणारी ती. ताटावर बसते तेव्हा पुरती दोन पोळ्याही खात नाही. "मग हे येते कोठून?" असे तिच्या सासूबाई म्हणाल्या. मी मास्तर, मी म्हटले, मुली, आठ दिवस एका वहीत जे तोंडात जाईल ते लिहीत जा. नवव्या दिवशी तिने वही माझ्या हाती दिली. जेवणाच्या नोंदी खरोखरच लहान होत्या. परंतु मधल्या ओळी अशा: मुलांच्या डब्यातून परत आलेली पोळी-भाजी. दुपारी, पातेल्यात उरलेला भात, टाकवेना म्हणून. सायंकाळी, चहाबरोबर तळणीतल्या तुटक्या पुऱ्या. आणि गुरुवारच्या पानावर, 'मामंजींसाठी केलेला शिरा, त्यांनी नको म्हटला म्हणून.'

अन्नाचे एक शीतही वाया जाऊ नये हा नियम या घरास मीच घालून दिला आहे. तो पाळण्याचे काम कोणाच्या देहाकडून करून घेतले जात होते, हे मला ती वही वाचीपर्यंत उमगले नव्हते. नियम चुकीचा नाही. तो चुलीपाशी लागू करावयाचा, तो आम्ही पातेल्यापाशी लागू केला. आता तांदूळ मोजून वैरतात, उरलेले अन्न सायंकाळच्या स्वयंपाकात धरले जाते, आणि मला काही नको असेल तर ते करण्यापूर्वी सांगण्याचे बंधन मजवर आहे. किती घरांत लेकीसुनांचे पोट असे दुसऱ्यांच्या ताटांनी वाढत असेल, आणि वर त्यांसच बोल लागत असेल! बाळंतपणानंतर व पाळी जाण्याच्या वयात स्त्रियांच्या देहातील मेद पोटाकडे वळतो, हे शरीरधर्माचे कारण आहेच. त्यावर आणखी हा भार.

दुसरे कारण आपल्या उपवासांचे. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण ज्याने केली त्यास आमचे घर ठाऊक असावे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा, दाण्याचे कूट व सढळ तूप. चवदा ग्रॅम तुपाच्या, म्हणजे एका मोठ्या चमच्याच्या, सव्वाशे कॅलऱ्या होतात. उपवास सोडू नये, पण तो उपवास असावा: ताक, एखादे फळ, बेताची भगर. (मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून लंघन करू नये, आणि गर्भवतींनी पोट कमी करण्याच्या भानगडीतच पडू नये.) चहाचेही तसेच. दोन लहान चमचे साखर, असे पाच पेले, म्हणजे दिवसास ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविलेली उत्तम मर्यादा सुमारे २५ ग्रॅमची आहे. मी साखर एकदम सोडिली नाही. दर पंधरवड्यास पाव चमचा कमी केली, आणि आता पाहुण्यांकडचा चहा मला पाकासारखा लागतो.

आपल्या शाकाहारी ताटात पोळी व भात यांचेच राज्य असते. वरण इतके पातळ की, त्यात डाळ बुडी मारून शोधावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारसूत्रांत धान्यापासून मिळणाऱ्या कॅलऱ्या एकूण ४५ टक्क्यांवर जाऊ नयेत आणि ताटाचा अर्धा भाग भाज्या व फळांनी भरावा, असे सांगितले आहे. घरगुती भाषेत, एक पोळी कमी करून तेथे मोडाच्या मुगा-मटकीची वाटीभर उसळ, घट्ट वरण, पिठले किंवा दही यांस जागा द्यावी. पंगतीतील आग्रहाविषयी मी काही लिहीत नाही. जिलबीचे ताट पुढे आले असता माझे वर्तन माझ्या लेखणीशी जुळत नाही.

व्यायामाविषयी एक भ्रम सार्वत्रिक आहे. पोटाचा व्यायाम केला म्हणजे पोटाची चरबी झडते, हे खरे नाही. त्याने स्नायू बळकट होतात. चरबी मात्र सबंध देहातून आपल्या क्रमाने जाते. पोटपट्टे, मालिश, सकाळचे लिंबू-मध हे त्याच जातीचे. मध ही देखील साखरच. उलट, समाधानाची गोष्ट अशी की, वजन उतरू लागले म्हणजे आतली घातक चरबी लवकर हलते, आणि शंभरात पाच-दहा इतकेच वजन घटले तरी रक्तातील साखर व रक्तदाब यांवर परिणाम दिसतो. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा हिरिरीने प्रसार केला ते सूर्यनमस्कार सर्वांगास श्रम देतात म्हणून उत्तम. आठवड्यास निदान दीडशे मिनिटे भरभर चालावे, आणि शतपावली शंभर पावलांवर न थांबविता पंधरा मिनिटांची करावी. जेवणानंतर चालल्याने साखर चढण्यास आळा बसतो. वयाबरोबर मांस झडते, म्हणून उठाबशांसारखा बळाचा व्यायामही हवाच. मद्य घेणाऱ्यांस मद्यही पोटी लागते. या मासिकाच्या वाचकांस हे सांगण्याचे कारण पडू नये, पण पडते.

चरकाचार्य स्थूलास जागरण सांगतात. येथे मी सविनय मतभेद नोंदवितो. अपुऱ्या झोपेने भूक खवळते, आणि सततची काळजी पोटातील मेदास पोसते, असे आजचे शास्त्र म्हणते. आमच्याकडे रात्रीची पाने साडेनवास मांडली जात. ती आता साडेसातास मांडतो, आणि बातम्या ऐकताना चिवड्याचा डबा उघडत नाही.

घाई करू नये. आठवड्यास अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ. मात्र पोट थोड्याच आठवड्यांत वाढू लागले, पायांवर सूज आली, दुखू लागले किंवा हातपाय वाळत चालले, तर ती चरबी समजून चालत बसू नये. आत पाणी होणे, गाठ होणे असे प्रकार असतात. त्वरित डॉक्टरांकडे जावे.

आता सहा महिने झाले. सूनबाई ८६ वर आल्या आहेत. मी ९५ वर अडलो आहे, आणि त्याचे कारण घरात सर्वांस ठाऊक आहे. पुतण्याची ती सुतळी वहिनींनी देवघराच्या खणात ठेविली असून दर संकष्टीस, चंद्रोदयाची वाट पाहता पाहता, त्या स्वतः ती त्याच्या पोटाभोवती धरून पाहतात. गेल्या खेपेस दोन बोटांचे अंतर राहिले होते.