'पॉन स्टार्स' मुलांना दाखवा, पण गहाण म्हणजे काय तेही शिकवा



मुलं टीव्हीवर आणि मोबाईलवर काय बघतात याची आपण सतत तक्रार करतो. ती जे बघतात त्यातलं वर्गात काय वापरता येईल, हे मात्र क्वचितच तपासतो. आज अशाच एका कार्यक्रमाबद्दल लिहिते आहे. त्याचं नाव 'पॉन स्टार्स'. आपल्याकडे तो हिस्टरी वाहिनीवर हिंदीतून बघितलेला अनेकांना आठवत असेल. आता त्याचे तुकडे मोबाईलवर फिरतात आणि सहावी-सातवीची मुलं ते आवडीने बघतात.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या लास वेगास शहरात 'गोल्ड अँड सिल्व्हर पॉन शॉप' नावाचं दुकान आहे. पॉन शॉप म्हणजे वस्तू गहाण ठेवून घेऊन पैसे देणारं दुकान. हॅरिसन कुटुंबाने ते १९८९ साली सुरू केलं. आजोबा रिचर्ड (त्यांना सगळे 'ओल्ड मॅन' म्हणत, ते २०१८ साली गेले), मुलगा रिक, नातू कोरी आणि कोरीचा लहानपणापासूनचा दोस्त चमली, अशी ही मंडळी. जुलै २००९ मध्ये हे दुकान टीव्हीवर आलं आणि जगभर पोचलं. गिऱ्हाईक एखादी जुनी वस्तू घेऊन येतं, तिची कहाणी सांगतं, रिक तिचा इतिहास सांगतो, शंका आली तर तज्ज्ञाला बोलावतो, मग घासाघीस होते. सौदा जमतो नाहीतर फिसकटतो. बस, इतकंच. तरी बघत राहावंसं वाटतं.

माझ्या मते या कार्यक्रमात शिक्षकांसाठी एक फार मोलाची गोष्ट आहे. ती म्हणजे 'कशावरून?' हा प्रश्न. कोणी तलवार घेऊन येतो आणि म्हणतो, ही आमच्या पणजोबांची, अमुक लढाईत वापरलेली. रिक ती हातात घेतो, उलटीपालटी करतो. मूठ कशाची आहे, शिक्का आहे का, त्या काळात असं लोखंड होतं का, कागदपत्र आहेत का हे बघतो. घरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट खोटीच असते असं नाही. पण नुसती सांगितली म्हणून ती खरी ठरत नाही, हे मूल डोळ्यांनी बघतं.

सहावीच्या आणि सातवीच्या इतिहासात 'इतिहासाची साधने' हा पाठ आहे. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. मुलं तीन व्याख्या पाठ करतात, आपण एक तक्ता भिंतीवर लावतो आणि पाठ संपतो. त्यापेक्षा अशी एखादी तलवार फळ्यासमोर ठेवल्याची कल्पना करा. तलवार हे भौतिक साधन, सोबतचं पत्र लिखित आणि पणजोबांची गोष्ट मौखिक. तिघांचं एकमेकांशी जमतं का? तीन शब्द लगेच जागेवर बसतात. कार्यक्रमात बऱ्याचदा दाढीवाले, हॅट घातलेले मार्क हॉल-पॅटन येत. ते तिथल्या क्लार्क काउंटीच्या संग्रहालयांचं काम बघायचे. हा माणूस कॅमेऱ्यासमोर शांतपणे सांगायचा, की ही वस्तू तुम्ही म्हणता ती नाही. मालकाचा चेहरा पडायचा, पण सहसा कोणी भांडायचं नाही. पुराव्यापुढे मान तुकवायची, हे मुलांनी बघावं असं मला मनापासून वाटतं.

गणितालाही इथे भरपूर आहे. तज्ज्ञ सांगतो वस्तू हजार डॉलरची, आणि रिक देऊ करतो चारशे-पाचशे. मुलं लगेच म्हणतात, "बाई, हा तर फसवतोय!" हाच नफा-तोट्याचा पाठ सुरू करण्याचा क्षण. दुकानाचं भाडं, नोकरांचे पगार, वस्तू दुरुस्त करायचा खर्च, विकली जाईपर्यंत अडकून पडलेले पैसे हे सगळं कुठून येणार? मुलं हिशोब मांडायला लागली की खरेदीची किंमत आणि विक्रीची किंमत यांच्यामधली जागा त्यांना दिसते.

एक प्रसंग तर मूल्यशिक्षणाच्या तासाला चर्चेसाठीच ठेवावा. एक बाई कोळ्याच्या आकाराचा ब्रोच विकायला आणतात आणि दोन हजार डॉलर मागतात. रिक ओळखतो, की हे रशियातल्या प्रसिद्ध फाबर्जे पेढीचं काम आहे. तो गप्प बसू शकला असता. त्याने खरं काय ते सांगितलं आणि पंधरा हजार दिले. त्याने सांगायला हवं होतं का, हे मुलांना विचारून बघा. माझ्या अंदाजाने निम्मा वर्ग 'धंदा आहे, कशाला सांगायचं' म्हणेल. म्हणू द्या. मधे बोलू नका.

(जाता जाता पालकांसाठी. रिकने दहावीत शाळा सोडली होती, हे मुलांना कळतंच आणि ती आपल्याला ते ऐकवतात. त्यांना हेही सांगा, की लहानपणी फिट्सच्या आजारामुळे अंथरुणावर असताना त्याला वाचनाचं वेड लागलं आणि ते पुढेही सुटलं नाही. पडद्यावर दिसते ती हुशारी त्या वाचनाची आहे.)

आणखी एक धोक्याची सूचना. हे बघून मुलं शेतात किंवा पाडलेल्या वाड्यात सापडलेलं नाणं 'कितीला जाईल' असं विचारतात. तिथले कायदे वेगळे, आपले वेगळे. आपल्याकडे जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तसा १८७८ सालचा कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुरावस्तूंना १९७२ चा कायदा लागू होतो आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. मुलांना हे माहीत असायला हवं.

आता माझा मुख्य मुद्दा. हा कार्यक्रम गहाणाच्या दुकानाचा, पण त्यात गहाण जवळजवळ दिसतच नाही. रिक प्रत्येकाला विचारतो, गहाण ठेवायचंय की विकायचंय? जवळपास सगळे म्हणतात, विकायचंय. खऱ्या दुकानात तसं नाही. २०११ च्या सुमारास तिथल्या साधारण बारा हजार वस्तूंपैकी पाचेक हजार गहाण पडलेल्या होत्या. मग ती माणसं दिसत का नाहीत? एक कारण कायद्याचं आहे. गहाण ठेवणाऱ्याची ओळख तिथे गुप्त ठेवावी लागते. कार्यक्रम गाजल्यावर दुकानात फोटो काढणाऱ्या पर्यटकांची इतकी गर्दी झाली, की हॅरिसन मंडळींना रोज काउंटरवर उभं राहणंच बंद करावं लागलं. चित्रीकरण असलं की दुकान तात्पुरतं बंद करून मोजक्याच लोकांना आत घेतात. थोडक्यात, घरभाड्यासाठी अंगठी ठेवायला आलेला माणूस आपल्याला दिसत नाही. दिसतो तो हौसेने जुनी बंदूक विकायला आलेला.

आपल्या वर्गातल्या मुलांना नेमका तो न दिसणारा माणूस ओळखीचा असतो. जून महिना आठवा. शाळा उघडते, वह्या-गणवेश घ्यायचे असतात, त्याच आठवड्यात बी-बियाणं आणि खत. कित्येक घरांतलं सोनं तेव्हा बँकेत, पतसंस्थेत नाहीतर सावकाराकडे जातं. पीक आलं तर सुटतं, नाहीतर नूतनीकरण. मूल सगळं बघत असतं, कोणी त्याला काही समजावून सांगत नाही.

आणि आपण काय शिकवतो? सातवीत 'बँक व सरळव्याज'. द.सा.द.शे. १२ दराने अमुक मुद्दलाचं व्याज काढा. मुलं सूत्र घालून उत्तर काढतात. पण गावात कोणी 'द.सा.द.शे.' बोलत नाही. गावात म्हणतात, "तीन टक्क्याने घेतले." हे तीन टक्के महिन्याचे असतात! पुस्तकातल्या भाषेत ते द.सा.द.शे. ३६ झाले. वीस हजार रुपये जूनमध्ये घेतले आणि आठ महिन्यांनी फेडले, तर १२ च्या दराने व्याज होतं १,६०० रुपये. महिना तीन टक्क्यांनी होतं ४,८०० रुपये. तिप्पट. 'तीन' हा आकडा 'बारा'पेक्षा लहान दिसतो म्हणून मोठी माणसंही फसतात. हे एक उदाहरण फळ्यावर सोडवायला दहा मिनिटं पुरतात आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणापेक्षा ते जास्त कामाचं आहे.

फरकही सांगा. अमेरिकेतल्या पॉन शॉपमध्ये पैसे फेडले नाहीत तर वस्तू दुकानाची होते आणि सहसा कर्जही तिथेच संपतं. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यानुसार गहाण वस्तू विकण्याआधी रास्त नोटीस द्यावी लागते. विकून कर्जापेक्षा जास्त पैसे आले तर वरचे मालकाला परत करायचे, कमी पडले तर उरलेलं देणं मालकाच्या डोक्यावर राहतं. आणि परवाना नसताना सावकारी करणं हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. घरातल्या मोठ्यांनाही हे नीट माहीत असतंच असं नाही. मुलाने घरी जाऊन सांगितलं तर बरंच आहे.

फक्त एक विनंती. 'कोणाकोणाच्या घरचे दागिने गहाण आहेत, हात वर करा' असं चुकूनही विचारू नका. 'घरी विचारून लिहून आणा' असा गृहपाठही नको. लास वेगासचा कायदा जी आब राखतो ती आपणही वर्गात राखू या. उदाहरणातलं नावही वर्गात नसलेलं घ्या. मी सखूबाई घेते. सखूबाईंनी पाटल्या ठेवल्या, किती महिन्यांनी सोडवल्या, पावतीवर काय काय लिहून घेतलं. वजन, मुद्दल, दर महिन्याचा की वर्षाचा, मुदत, सही. पाच ओळींची कोरी पावती फळ्यावर काढायची आणि मुलांनी ती भरायची. दराच्या पुढे 'दरमहा' की 'दरसाल' ही जागा मी मुद्दाम रिकामी सोडते, आणि कोण विचारतंय त्याची वाट बघते.