कार्डाला हमीभाव नसतो

२८ एप्रिल २०२५ ची रात्र आठवते? जयपुरात चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीनं गुजरात टायटन्सच्या गोलंदाजांना धुतलं आणि ३५ चेंडूंत शतक ठोकलं. दुसऱ्या दिवशी होस्टेलवर, मेसमध्ये, शेगाव स्टेशनबाहेर चहा पिताना दुसरा विषयच नव्हता. त्यात वावगं काहीच नाही. आपल्यापेक्षा लहान पोरगा असं खेळतो तेव्हा अंगावर काटा येणारच.

पण अशा रात्रीनंतर मोबाईलवर आणखी एक आवाज सुरू होतो. 'हाच पुढचा सचिन. याचं पहिलं कार्ड आत्ता घेऊन ठेव, पाच वर्षांनी लाखात जाईल.' सोबत एखादी रील असते. कुणीतरी पाकीट फोडतो, आतून चकाकणारं कार्ड निघतं आणि खोलीत आरडाओरडा होतो. खिशात या महिन्याचे मेसचे पैसे किंवा नुकतीच जमा झालेली स्कॉलरशिप असते. आजचा विषय ते पैसे आहेत.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. अमेरिकेत बेसबॉलपटूंची छापील कार्डं जमवण्याचा छंद शंभर वर्षांहून जुना. त्यात खेळाडूच्या पहिल्या हंगामाच्या कार्डाला 'रुकी कार्ड' म्हणतात आणि त्यालाच सगळ्यात जास्त मागणी असते. आपल्याकडे शाळेत असताना अनेकांनी डब्ल्यूडब्ल्यूई आणि क्रिकेटची कार्डं जमवली, बदलली, मधल्या सुट्टीत हरली. २०२२ मध्ये हाच खेळ मोबाईलवर आला. 'रारियो' आणि 'फॅनक्रेझ' या कंपन्यांनी क्रिकेटपटूंची डिजिटल कार्डं, म्हणजे 'एनएफटी', विकायला काढली. त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये फॅनक्रेझला १० कोटी डॉलर आणि रारियोला १२ कोटी डॉलरचं भांडवल मिळालं. मोठे गुंतवणूकदार आले म्हणजे माल खरा, असं वाटणं साहजिक होतं. पण त्यांनी पैसे कंपनीत टाकले होते आणि तुम्हाला विकलं जात होतं कार्ड. या दोन गोष्टी एक नाहीत. त्याच वर्षी जगभर एनएफटीचा बाजार कोसळला.

आता रीलमधल्या गोष्टीकडे वळू. त्या खोट्या नसतात, हे आधीच सांगतो. लॉस एंजेलिसकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात पॉल स्कीन्स या नवख्या पिचरचं एकमेव कार्ड सापडलं आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख डॉलरहून जास्त किमतीला, म्हणजे नऊ कोटींच्या वर विकलं गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटलचं १९५२ चं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, म्हणजे त्या वेळचे साधारण शंभर कोटी रुपये. खरं आहे सगळं. फक्त ज्या लाखो पाकिटांतून काहीच निघालं नाही, त्यांची बातमी कुणी छापत नाही. लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो दुकानात लावतात, तिकीट फाडून फेकणाऱ्यांचा लावत नाहीत.

मँटलच्या कार्डाची गोष्ट तर उलटंच शिकवते. एक तर ते त्याचं रुकी कार्ड नाहीच, त्याचं रुकी कार्ड १९५१ चं. दुसरं, १९५२ ची ती कार्डं तेव्हा खपली नव्हती. उरलेला साठा टॉप्स कंपनीनं पुढं १९६० मध्ये समुद्रात नेऊन बुडवला, असं कंपनीचेच लोक सांगत. पोरांनी आपली कार्डं सायकलच्या चाकात अडकवली, आयांनी रद्दीत घातली. कुणीच जपली नाहीत म्हणून थोडी उरली आणि थोडी उरली म्हणून महागली. हे कळल्यावर १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत प्रत्येकानं कार्डं प्लास्टिकमध्ये घालून जपायला सुरुवात केली. कंपन्यांनीही छपाई वाढवत नेली. परिणाम? त्या काळातली बहुतेक कार्डं आज कवडीमोल आहेत. 'पुढं महाग होईल' म्हणून सगळ्यांनीच जपलेली वस्तू महाग होत नाही.

आपण तर सोयाबीनवाल्या पट्ट्यात राहतो. हे गणित आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीननं क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. तेव्हा ज्याच्या घरात माल होता त्यानं कमावलं. नवा माल बाजारात आला आणि भाव उतरला. 'परत दहा हजार होईल' म्हणून ज्यांनी पोती राखून ठेवली, त्यांचं काय झालं हे घरी विचारा. तरीही सोयाबीनला तेलगिरणी आहे, सरकारचा हमीभाव आहे. भाव पडला तरी ती पोटात जाणारी वस्तू आहे. कार्डाला यातलं काही नाही. उद्या कुणाला ते नको झालं, तर त्याची किंमत कागदाइतकी. डिजिटल असेल तर तेवढीही नाही.

आता खेळाडूचं बघू. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन पोरांनी हॅरिस शिल्डमध्ये ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. सचिन तेंडुलकर ३२६, विनोद कांबळी ३४९. समजा तेव्हा आपल्याकडे रुकी कार्डं असती आणि १९९३ साली तुम्हाला या दोघांपैकी एकाचं घ्यायचं असतं. कांबळीनं त्या वर्षी इंग्लंडविरुद्ध २२४ आणि लगेच झिम्बाब्वेविरुद्ध २२७ केल्या होत्या, मग श्रीलंकेत दोन शतकं. १४ डावांत त्याच्या हजार कसोटी धावा झाल्या. आकडे बघून कार्ड घेणाऱ्या हुशार माणसानं कांबळीचंच घेतलं असतं. १७ कसोटी, ५४ ची सरासरी आणि शेवटची कसोटी वयाच्या तेविसाव्या वर्षी. सचिनचं पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही.

इथं कांबळीला नावं ठेवायची नाहीत. चोपन्नची सरासरी गल्लीत मिळत नाही. मुद्दा एवढाच की त्या दोघांना रोज नेटमध्ये पाहणाऱ्यांनाही पुढचं सांगता आलं नसतं. मग आपण शेगावात बसून, तीस सेकंदांची रील पाहून कसं सांगणार?

पृथ्वी शॉनं २०१३ मध्ये त्याच हॅरिस शिल्डमध्ये ५४६ धावा केल्या. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत त्यानं १३४ केल्या. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याला कुणीही घेतलं नाही. पुढं २०२५ मध्ये तो महाराष्ट्राच्या संघात आला आणि रणजीत चंडीगडविरुद्ध द्विशतक ठोकलं. उमरान मलिकनं २०२२ च्या आयपीएलमध्ये दीडशेच्या वर वेग काढत २२ बळी घेतले. त्यानंतर दुखापती आल्या, आणि चार कोटींचा गोलंदाज पुढच्या मोठ्या लिलावात ७५ लाखांना गेला. अमेरिकेत ब्रायन टेलर १९९१ मध्ये पहिल्या क्रमांकानं निवडला गेला, त्याची रुकी कार्डं लोकांनी धडाधड घेतली. दोन वर्षांनी एका मारामारीत त्याचा खांदा निकामी झाला आणि तो मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही.

खेळाडू पडतो, उठतो, परत उभा राहतो. त्याला वेळ मिळतो आणि मिळायलाच हवा. कार्डाच्या भावाला मात्र तेवढा धीर नसतो. भाव चढतो तो गाजावाजामुळे, आणि हा गाजावाजा आपल्या मोबाईलपर्यंत पोहोचतो तोवर स्वस्तात घेणारे घेऊन बसलेले असतात. त्यांना आता विकायचंय. रीलमधल्या उत्साहाचा तो एक भाग असू शकतो, एवढं लक्षात ठेवा.

'अधिकृत', 'मर्यादित' हे शब्दही जरा तपासून घ्या. रारियोनं आणि काही क्रिकेटपटूंनी एमपीएलच्या 'स्ट्रायकर' या प्लॅटफॉर्मविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला होता. खेळाडूंची कार्डं काढायचे हक्क आम्ही विकत घेतलेत, दुसऱ्यानं ती काढू नयेत, असं म्हणणं होतं. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं अंतरिम मनाई नाकारली. खेळाडूचं नाव, त्याची आकडेवारी ही सार्वजनिक माहिती आहे, तिच्यावर एकाचीच मक्तेदारी नाही, असा त्याचा आशय. म्हणजे तुमचं कार्ड 'शंभरातलं एक' असलं, तरी त्याच खेळाडूचं दुसरं कार्ड दुसरी कंपनी काढू शकते. तीच कंपनी पुढच्या वर्षी नवी मालिकाही काढू शकते. नळ त्यांच्या हातात आहे, आपल्या हातात फक्त बादली.

आणि विकायचं कुणाला? आपल्या शेजारचं खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे. अडचण आली की बाई तिथं पैंजण घेऊन जाते. सराफ वजन करतो, घडणावळ जाते, थोडी घट धरतो, पण त्याच दिवशी मोड देतो. तुमचं कार्ड घेऊन शेगाव, खामगाव, अकोला फिरा. मोड देणारा एकही दुकानदार भेटणार नाही. छापील कार्डाला चांगला भाव हवा तर ते अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीकडून तपासून, दहापैकी गुण घेऊन यावं लागतं. टपालखर्च वेगळा, फी वेगळी, आणि कोपरा किंचित दुमडलेला निघाला तर सगळं पाण्यात. ॲपवर '५,००० रुपये' दिसणं आणि खात्यात ५,००० येणं यात एका गिऱ्हाइकाचं अंतर असतं.

जरा कागद-पेन घ्या. समजा तुम्ही दहा नवख्या खेळाडूंची डिजिटल कार्डं प्रत्येकी २,००० ला घेतली. गेले २०,०००. तुमचं नशीब चांगलं, एकाचा भाव पाचपट झाला, आले १०,०००. दोघांचे तेवढेच राहिले, ४,०००. उरलेली सात २०० च्या भावानं गेली, १,४००. एकूण १५,४००. आता कर. एनएफटीच्या नफ्यावर २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे, आणि एका कार्डातला तोटा दुसऱ्या कार्डाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे जिंकलेल्या कार्डाच्या ८,००० नफ्यावर २,४०० कर. हातात राहिले १३,०००, सेस वेगळा. दहात एक 'पुढचा सचिन' ओळखूनही ७,००० चा खड्डा. हे आकडे मी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे धरून बघा, फक्त प्रामाणिकपणे धरा.

कुणी म्हणेल, 'सर, धोका तर शेअर बाजारातही आहे.' आहेच. पण शेअर म्हणजे एखाद्या धंद्यातला वाटा. तो धंदा काही विकतो, कमावतो, ताळेबंद मांडतो आणि वर सेबी बसलेली असते. कार्डाच्या मागे धंदा नाही. पृथ्वी शॉनं द्विशतक केलं म्हणून कार्डवाल्याला मॅच फी मिळत नाही. कमाईचा एकच मार्ग, आपल्याहून जास्त पैसे देणारा पुढचा माणूस सापडणं. तो शोधताना आपण होस्टेलच्या ग्रुपवर मेसेज टाकतो, आणि कळत-नकळत आपणही त्या रीलवाल्यासारखं बोलायला लागतो. आपला तोटा मित्राच्या गळ्यात बांधून सुटणं, याला गुंतवणूक म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

कार्डं घेऊच नका, असं आमचं म्हणणं नाही. विदर्भानं मार्च २०२५ मध्ये तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या हंगामात हर्ष दुबेनं ६९ बळी घेऊन रणजीतला एका मोसमाचा विक्रम केला. आपल्या भागातल्या अशा पोराचं कार्ड कधी मिळालं तर घ्या, टेबलासमोर लावा. कचोरीला देतो तसे पैसे द्या. खाल्ली, मजा आली, हिशेब संपला. शेगावात कुणी कचोरी 'पुढं दुप्पट होईल' म्हणून कपाटात ठेवत नाही.

फक्त तीन गोष्टी पाळा. फी, मेस, स्कॉलरशिप आणि घरून आलेले पैसे यांना या कामासाठी हात लावू नका. उसने घेऊन किंवा कर्जाच्या ॲपवरून तर अजिबात नाही. घेण्याआधी 'हे आजच विकायचं झालं तर कोण घेईल?' या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या नावासकट द्या, नाव सुचलं नाही तर थांबा. आणि आधीच पैसे अडकले असतील तर ते भरून काढायला आणखी घालू नका. घरी सांगा, मोठ्या भावाला, बहिणीला सांगा. बोलणी बसतील, एक दिवस. लपवलं तर वर्षभर झोप लागत नाही.

दोन महिन्यांच्या मेसचे पैसे ही तुमच्यासाठी मोठी रक्कम आहे. घरी तेवढ्यासाठी कुणीतरी उन्हात किती दिवस राबलंय, हे त्या रीलवाल्याला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.