आकड्यांआड लपलेले निर्णय



न्यू जर्सीत घर घेताना आपण मराठी मंडळी आधी शाळांचे रेटिंग पाहतो. त्या शाळांचा पैसा कुठून येतो, कुठे जातो, हे मात्र विचारत नाही. ही बेफिकिरी आता परवडणारी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्कूल डिस्ट्रिक्टचा हिशेब सांभाळणारा अधिकारी म्हणजे स्कूल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर. या पदासाठी राज्याचे प्रमाणपत्र लागते. पूर्वी त्याचे काम मुख्यतः पगार, टेंडरे आणि खरेदीचे. आज आरोग्यविमा, बसचे करार, इमारतींची डागडुजी, सरकारी अनुदाने, अगदी सायबर सुरक्षासुद्धा त्याच्याच टेबलावर येते. वर्गात २२ मुले बसणार की २८, हेही पुष्कळदा त्याच्या आकडेमोडीवर ठरते.

असे का झाले? २०१० च्या कायद्याने शाळांसाठीच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या वसुलीतली वार्षिक वाढ, काही अपवाद वगळता, २ टक्क्यांवर अडवली. विम्याचे हप्ते असली मर्यादा मानत नाहीत. २०१८ च्या कायद्याने राज्याच्या मदतीचे फेरवाटप झाले. काही डिस्ट्रिक्टना जास्त मिळाले, अनेकांचे दरवर्षी कापले गेले. कोविड काळातल्या फेडरल मदतीची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. शिवाय २०१२ च्या कायद्यानुसार ज्या डिस्ट्रिक्टनी बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरात नेली, तिथे मर्यादेतल्या बजेटवर मतदानच उरले नाही. उरली ती वसंतातली जाहीर सुनावणी. तिथे मी आपली माणसे क्वचितच पाहतो.

मग निर्णय कसे होतात? बसचेच घ्या. प्राथमिक शाळेचे मूल २ मैलांपलीकडे आणि हायस्कूलचे अडीच मैलांपलीकडे राहत असेल, तर डिस्ट्रिक्टला प्रवासाची सोय करावीच लागते. त्याआतली बस ही 'कर्टसी'. पैसा कमी पडला की ती बंद होते किंवा तिला फी लागते. दारात दोन गाड्या असलेल्यांचे निभावते. पहाटेच्या शिफ्टला जाणाऱ्या आईने काय करायचे? पण बोर्ड म्हणते, "काय करणार, आकडेच तसे आहेत!" आकडे निर्णय घेत नाहीत, माणसे घेतात. खर्च किती, हे सांगणे अधिकाऱ्याचे काम. काय वाचवायचे, हे ठरवणे निवडून आलेल्या बोर्डाचे. बोर्डाने अधिकाऱ्याच्या पाठीमागे लपू नये.

आपल्याच पार्ट्यांमध्ये ऐकू येते, "शाळा कंपनीसारख्या चालवा." कंपनी तोट्यातले गिऱ्हाईक सोडू शकते. सार्वजनिक शाळेला अपंग मूल सोडता येत नाही, इंग्रजी न येणारे मूलही नाही. १९७५ च्या फेडरल कायद्याने अपंग मुलांना शिक्षणाचा हक्क दिला आणि त्यांच्यासाठीच्या जादा खर्चापोटी, दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदतीचे वचन दिले. ते वॉशिंग्टनने आजवर एकदाही पूर्ण पाळलेले नाही. हा खड्डा गावाच्या टॅक्समधून भरायचा, आणि वर अधिकाऱ्याला 'उधळ्या' म्हणायचे, हा कुठला न्याय?

आणखी एक कटू गोष्ट. मुले शाळेत असेपर्यंत 'शिक्षण सर्वात महत्त्वाचे' म्हणणारे आपल्यातलेच काही जण, मुले कॉलेजात गेली की शाळेच्या बॉन्डविरुद्ध मत देतात. आपली मुले शिकली ती कुणाच्या तरी टॅक्सवरच ना?

एक्सेल हा आपला रोजचा घास आहे. डिस्ट्रिक्टला सोप्या भाषेतले बजेट वेबसाइटवर टाकावेच लागते, ते उघडा. सुनावणीला जा आणि तीन प्रश्न विचारा: काय कापले? त्याऐवजी दुसरे काय कापता आले असते? झळ कोणाच्या मुलांना बसणार? एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांना मत नाही, पण तिथे बोलायला कुणाची आडकाठी नाही.

आपण गप्प बसलो, तरी बजेट मंजूर व्हायचे थांबत नाही.