तिखट मिरची घरात ठेवा, पण पहिले 40 दिवसच



शेडनेटमध्ये तिखट मिरची घ्यावी का, हा प्रश्न सध्या फार येतोय. काही जणांची कर्जाची फाईल बँकेत गेलीय, काही जण अनुदानाच्या यादीत नाव लागायची वाट बघतायत. म्हणून माझं मत सरळ लिहितो, पटलं नाही तर खाली भांडा.

मत असं आहे. तिखट मिरचीला आयुष्यभर घरात ठेवायची गरज नाही. तिला घर लागतं ते पहिले 40 दिवस. आपण नेमकं उलटं करतो. रोप कुठल्या तरी उघड्या नर्सरीतून आणतो आणि लाखोंचं नेट त्याच्या डोक्यावर नंतर उभं करतो.

आधी बोकड्याचं बोलू. चुरडा-मुरडा म्हणा, व्हायरस म्हणा, गावागावात नाव वेगळं. पण पान वाकडं दिसलं की सगळे एकच औषध मारतात, तिथेच पैसा वाया जातो. पान उलटं करून बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर बहुतेक वेळा फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान लांबट झालं, देठ ताणल्यासारखा दिसला तर कोळी. पानं बारीक, जाड, पिवळसर, शिरा फुगलेल्या आणि झाड खुजं राहून झुपका झालं असेल तर तो विषाणू, आणि तो पांढरी माशी आणते. पहिल्या दोन्हींवर इलाज आहे. तिसऱ्यावर नाही. विषाणू झाडात शिरला की कुठलीही बाटली त्याला बाहेर काढत नाही.

आता मुद्दा कळीचा. विषाणूची लागण झाली की लक्षण दिसायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे नर्सरीत माशी बसली असेल तरी गाडीतून उतरवताना रोप हिरवंगार, टवटवीत दिसतं. लावणीनंतर महिन्याच्या आत शेंडे गोळा व्हायला लागतात आणि आपण दोष देतो बियाण्याला, खताला, नाहीतर ढगाळ हवेला. जे रोप लहानपणी सापडलं ते जवळजवळ गेलंच. त्याच झाडाला दोन-तीन तोडे झाल्यावर लागण झाली तर ते काहीतरी देऊन जातं. सगळा फरक वयाचा आहे. म्हणून घर हवं ते लहानपणी.

आता हिशोब मांडा. 5 फुटांचे बेड आणि दोन रोपांत सव्वा फूट धरलं तर एकरी साधारण 7000 रोपं बसतात. नांग्या भरायला दहा टक्के जास्त धरली तर 7700. 98 कप्प्यांचे ट्रे घेतले तर 80 ट्रे पुरतात. एक ट्रे दीड-पावणेदोन चौरस फूट जागा खातो. म्हणजे 10 बाय 20 फुटांच्या घरात मधे पायवाट ठेवूनही एका एकराची रोपं मावतात. गुंठ्याचा पाचवा भागसुद्धा नाही! बांबू किंवा जुने पाईप, चारी बाजूंनी 50 मेशची कीटकरोधक जाळी, वर पावसासाठी प्लॅस्टिक, उन्हासाठी सरकवता येणारं शेडनेट आणि दोन दारं. दार दोनच हवीत, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. एकदारी नर्सरी म्हणजे माशीला आमंत्रण.

या घरात काय सांभाळायचं, तेवढं सांगतो.

बी टाकून ट्रे एकावर एक रचून झाकले असतील तर पाचव्या दिवसापासून रोज उघडून बघा. कोंब दिसला की लगेच ट्रे मोकळे करा. एक दिवस उशीर झाला की रोप लांबट होतं आणि ते लांबटपण शेवटपर्यंत जात नाही.

पाणी सकाळी द्या. संध्याकाळी झारी मारून रात्रभर कोकोपीट ओलं ठेवलं की रोप बुडाशी कुजून कोलमडतं. ट्रे जमिनीवर ठेवू नका, विटा किंवा पाईपवर ठेवा, खालून हवा गेली पाहिजे.

शेडनेट दिवसभर ओढून ठेवू नका. मिरचीला ऊन लागतं. मे महिन्यात भर दुपारी सावली ठीक, पण सकाळ-संध्याकाळ काढायलाच हवी. शेवटचे सहा-सात दिवस पाणी कमी करा, सावली पूर्ण काढा, म्हणजे रोप शेतात गेल्यावर मान टाकत नाही. सावली काढायची, जाळी नाही. हा फरक मजुराला दोनदा समजावून सांगा.

आत एखादं पिवळं आणि एखादं निळं चिकट कार्ड टांगा. पिवळ्यावर पांढरी माशी सापडते, निळ्यावर फुलकिडे. कार्डावर माशी दिसली म्हणजे जाळी कुठेतरी फाटलीय. आधी सुई-दोरा घ्या, पंप नंतर.

कोणी म्हणेल, 40 दिवस घर चांगलं तर सहा महिने आणखी चांगलं. तसं होत नाही. 50 मेशची जाळी माशी अडवते, पण फुलकिडा त्याहून बारीक, तो आत येतोच. त्याला अडवेल इतकी बारीक जाळी लावली तर हवा कोंडते, उष्णता वाढते आणि फुलं गळतात. 2021-22 च्या हंगामात आंध्र-तेलंगणात काळ्या फुलकिड्याने मिरचीचे मळे कसे बसवले ते आपण पाहिलंय. तो फुलातच लपतो. असा किडा एकदा आत गेला की त्याला पावसाचा मार नाही आणि त्याला खाणारे मित्रकिडेही बाहेरच राहतात. कोळ्याचंही तसंच. आपण ज्याला संरक्षण समजतो ते किडीचंही संरक्षण होतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट बाजाराची. नेटमधली हिरवी तिखट मिरची आणि उघड्या रानातली मिरची एकाच सौद्यात, एकाच ढिगाऱ्याशेजारी विकली जाते. व्यापारी विचारत नाही की ही कुठल्या छपराखाली वाढली. भाव पडला की दोघांचाही पडतो, पण हप्ता एकालाच असतो. अनुदान निम्म्यापर्यंत मिळालं तरी उरलेला निम्मा आपल्याच सातबाऱ्यावर चढतो. शिवाय वादळात नेट फाटलं तर पुन्हा खर्च आपलाच.

नेट कुणाला परवडतं? ढोबळी मिरचीवाल्याला, कारण तिचा माल आणि भाव वेगळा. देऊळगाव राजा, जालना भागात बियाणे कंपन्यांसाठी शेडनेटमध्ये मिरचीचं बीजोत्पादन करणाऱ्यांना, कारण तिथे दर आधी ठरलेला असतो आणि घरातली माणसं परागीकरणाला बसतात. तुमच्याकडे असा ठरलेला दर नसेल तर नेटच्या फाईलवर सही करण्याआधी एकदा घरच्यांसोबत बसून हिशोब मांडा.

तोच पैसा रानात घाला. चंदेरी मल्चिंग अंथरा, त्याची चमक किडीला बिचकवते आणि जमिनीत कोषावस्थेत जाणाऱ्या फुलकिड्याची वाट अडते. कडेने मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी लावणीआधीच पेरा. जमलं तर लावणीनंतर तीन-चार आठवडे क्रॉप कव्हर घाला आणि फुलं लागायला लागली की काढून टाका. बोकड्याचं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटून पिशवीत घालून रानाबाहेर न्या, बांधावर टाकू नका.

कृषी सहाय्यक आणि विद्यापीठातली मंडळी हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. मोठ्या नेटसाठी अर्ज आहे, विक्रीच्या रोपवाटिकेसाठी योजना आहे. पण ज्याला फक्त आपल्या एकरापुरती रोपं तयार करायचीत, त्याला 10 बाय 20 च्या घराचा साधा आराखडा आणि एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. अनुदान नाही दिलं तरी चालेल, माहिती द्या.

मंडळी, ज्यांनी स्वतःची रोपं स्वतः केलीत त्यांनी खाली लिहा, एकराला खर्च किती आला आणि लावणीनंतर महिन्यात बोकड्याची झाडं शेकडा किती निघाली. विकतच्या रोपांचा आकडाही टाका. दोन्ही शेजारी ठेवू आणि मग बोलू.