होडी आपली, गणितही आपलंच

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकदा सहज म्हणून बघा, "मी घरी कॅटमरान बांधतोय, फायबर आणि फोमची. डिझाइनसुद्धा माझंच." समोरच्या चार इंजिनिअरांपैकी एकही विचारणार नाही की लांबी किती, वजन किती. चौघे एका सुरात म्हणतील, "हे आपलं काम नाही रे. विकत मिळते ना!"

माझा राग आहे तो या वाक्यावर. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग मेकॅनिक्स कॉम्प्युटरवाल्यांनाही असतं. तिथला मोमेंट नावाचा प्राणी पेपरात सोडवायचा आणि आयुष्यात दिसला की तोंड फिरवायचं, हा कुठला न्याय?

'कॅटमरान' हा शब्द आला तमिळ 'कट्टुमरम'वरून, म्हणजे बांधलेली लाकडं. ती बांधणाऱ्या कोळ्यांकडे कुठली डिग्री होती? बरं, डिग्रीवालेच हवेत तर नॅथॅनिएल हेरेशॉफ घ्या. एमआयटीत शिकलेला. 1876 साली, वयाच्या 28व्या वर्षी, त्याने 'अ‍ॅमॅरिलिस' ही दोन हलांची होडी न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली आणि भल्याभल्यांना मागे टाकलं. मग काय, पुढच्या शर्यतींतून असल्या होड्याच बाद! जेम्स व्हॅरम या इंग्रजाने तर 23 फूट 6 इंचाची 'टांगारोआ' स्वतः डिझाइन केली, स्वतः बांधली आणि 1955-56 मध्ये दोन मैत्रिणींसह अटलांटिक ओलांडला.

आता मुख्य आक्षेप. "बुडालास म्हणजे?" रास्त प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर भीतीत नाही, आकड्यात आहे.

समजा 6 मीटरची छोटी कॅटमरान, माणसांसकट 300 किलो. दोन हलांच्या मध्यरेषांत 2.4 मीटर अंतर. माणसं मधोमध बसली असं धरलं तर तिला सरळ ठेवणारा जास्तीत जास्त मोमेंट 300 गुणिले 1.2, म्हणजे 360 किलो-मीटर. शिडावरचा वाऱ्याचा जोर आणि पाण्याखालचा विरोध यांच्या मध्यबिंदूंत 3.5 मीटर उंचीचा फरक असेल, तर साधारण 103 किलोच्या आडव्या जोराला एक हल पाण्यातून उचलला जाणार. आणि वारा 10 नॉटचा 20 झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. जड कील असलेली होडी कलंडली तरी बहुधा सरळ होते. कॅटमरान उलटली की उलटीच राहते. म्हणून शीड कधी कमी करायचं हे किनाऱ्यावरच ठरवायचं. हे गणित आठवीतल्या पोराला जमेल. आपल्याला का जमू नये?

कंपोझिटचंही तसंच. मध्ये फोम, दोन्ही बाजूंना इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं कापड. आय-सेक्शन आठवतोय? कापड म्हणजे वरची-खालची पट्टी, फोम म्हणजे मधला उभा भाग. कापड ताण आणि दाब घेतं, फोम शिअर घेतो. चिकटण सुटली की खेळ खलास. आपल्या दमट हवेत इपॉक्सीवर कधीकधी चिकट थर येतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर बसत नाही. मोठ्या डब्यात एकदम कालवलं तर डबाच तापून धुमसायला लागतो. म्हणून आधी एक फुटाचे नमुने करा, वजन करा, मोडून बघा.

"तयार प्लॅन घे ना! 'म्हादेई'चं डिझाइनही डच होतं." खरंय. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती होडी रत्नाकर दांडेकरांच्या गोव्यातल्या यार्डात बांधली, डिझाइन मात्र डच घेतलं. जगाला फेरी मारायची तर तेच शहाणपण. पण मी जगाची फेरी म्हणत नाहीये. किनाऱ्याजवळ, लाइफ जॅकेट घालून, चांगल्या हवेत चालवायच्या होडीबद्दल बोलतोय. पैसे वाचतील हेही म्हणत नाही, वाचणार नाहीत! हल झाल्यावर डोलकाठी, शिडं, दोर, सुकाणू यांचा खर्च उभाच असतो.

आणि 'जुगाड' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्हीही माझ्या बाजूचे नाही. अंदाजपंचे दाहोदरसे होडी बांधणारा त्या कॅन्टीनवाल्यांचाच भाऊ. एक हात लावत नाही, दुसरा डोकं लावत नाही. इथे प्रत्येक डबा, प्रत्येक मीटर कापड वजन करून वहीत लिहायचं. पाण्याच्या रेषेवर 40 सेंटिमीटर रुंद असलेले असे दोन हल 100 किलो जादा वजनाने साधारण 3 सेंटिमीटर खाली बसतात. शिवाय जड होडी उलटायला जास्त जोर लागतो, आणि तो सगळा डोलकाठीला आणि आडव्या तुळयांना सोसावा लागतो.

आमच्या धंद्यात चूक झाली की सोमवारी पॅच टाकतो, त्रास कुणा भलत्यालाच होतो. होडीत पहिल्यांदा बसणार कोण? गणित करणाराच. स्वतःच्या आकड्यावर स्वतःचा जीव ठेवायची तयारी नसेल, तर दुसऱ्याचा त्यावर कसा ठेवता?

असो. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये सोसायटी बांधू देणार नाही, गावाकडे शेड बघा. पण निदान वही तरी आज उघडा.