दिवा लागला, पण कळले काय?

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला, की एक प्रयोग हमखास दिसतो. कुंडीत खोचलेला सेन्सर, शेजारी निळा आर्डुइनो बोर्ड आणि छोटासा पंप. माती कोरडी झाली, की पाणी आपोआप सुरू होते. पाहुणे कौतुक करतात, पालक फोटो काढतात. ‘पंप नेमक्या कोणत्या आकड्याला सुरू होतो आणि तोच आकडा का?’ असे कुणी विचारले, की मूल गोंधळते. सुटे भाग विकतच्या किटमधले असतात आणि प्रोग्राम जसाच्या तसा उतरवलेला असतो.

हा बोर्ड अशा उसन्या कामासाठी जन्मला नव्हता. २००५ मध्ये इटलीतील इव्रिया इथल्या एका डिझाइन संस्थेत आर्डुइनो तयार झाला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही स्वस्तात, स्वतःच्या हातांनी प्रयोग करता यावेत, हा त्यामागचा हेतू. भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने सहावी ते बारावीच्या मुलांसाठी टिंकरिंग लॅब उभ्या केल्या. साधने आली. आता प्रश्न आहे तो ती वापरून काय शिकवायचे याचा.

पहिला धडा बोर्डवरच्या दिव्याचा. प्रोग्रामचे दोन भाग असतात. ‘सेटअप’मधल्या सूचना सुरुवातीला एकदाच पाळल्या जातात, ‘लूप’मधल्या पुन:पुन्हा. लूपमध्ये चारच ओळी : दिवा लाव, एक सेकंद थांब, दिवा विझव, एक सेकंद थांब. दिवा लुकलुकू लागला, की बहुतेक ठिकाणी धडा संपतो. खरे तर तो इथे सुरू व्हायला हवा. शेवटची ‘थांब’ ही ओळ काढली तर काय होईल? अनेक मुले सांगतात, दिवा विझलेला राहील. प्रत्यक्षात तो सतत लागलेला दिसतो. विझल्यावर क्षणार्धात लूप पुन्हा पहिल्या ओळीवर येते आणि मधला अंधार डोळ्याला टिपताच येत नाही. सूचनांचा क्रम आणि आवर्तन म्हणजे काय, हे या एका चुकलेल्या अंदाजातून पक्के कळते.

दुसरा धडा अटीचा. आर्डुइनो युनो सेन्सरकडून आलेला विद्युतदाब ० ते १०२३ या आकड्यांत मोजतो. अनेक स्वस्त सेन्सरमध्ये माती सुकत जाते, तसा हा आकडा वाढतो. ‘६००च्या वर गेला की पंप सुरू, खाली आला की बंद’ अशी अट घातली, तर आकडा ५९९ आणि ६०१ यांच्यात हेलकावे खाताना पंप सारखा चालू-बंद होत राहतो. उपाय सोपा आहे : ६५०च्या वर सुरू, ५५०च्या खाली बंद, मधल्या टप्प्यात आहे तसेच राहू द्या. घरातला फ्रिजही थंडावा याच तत्त्वाने राखतो. अर्थात हे आकडे पाठ करायचे नसतात. कोरड्या आणि ओल्या मातीत सेन्सर काय दाखवतो, हे वहीत मांडूनच ते ठरतात.

तिसरा धडा संख्येच्या मर्यादेचा. एक मिनिट थांबण्यासाठी मूल ६० गुणिले १००० मिलिसेकंद असे लिहिते. गणित बरोबर आहे. पण युनोमध्ये साधा पूर्णांक ३२,७६७च्या पुढे जात नाही. ६०,००० त्यात मावत नाहीत, उत्तर उणे येते आणि बोर्ड त्याचा अर्थ सुमारे ५० दिवस असा लावतो. तोवर कुंडीतले रोप कधीच वाळलेले असते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे रॉकेट उड्डाणानंतर साधारण ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या मुळाशीही मोठी संख्या १६ बिटांत बसवण्याची चूक होती.

‘आता प्रोग्राम एआय लिहून देते, मग हे कशाला?’ असा प्रश्न पालक विचारतात. पण त्या कुंडीतली माती, तो सेन्सर आणि सैल झालेली ती वायर एआयला दिसत नाही. लिहिलेले बरोबर आहे का, हे तपासणारा माणूस लागतोच. उद्या हीच मुले रुग्णालयातली यंत्रे किंवा शेतातले पंप चालवणारी प्रणाली लिहिणार असतील, तर ती तपासण्याची सवय आत्ताच लागायला हवी.

म्हणून शाळांनी प्रदर्शनाचे गुण देण्याची पद्धत बदलावी. परीक्षकाने प्रोग्राममधली एक ओळ बदलावी, मुलाला आधी अंदाज सांगू द्यावा, मग चालवून पाहू द्यावे. निम्मे गुण प्रयोगवहीला असावेत. काय चुकले, कसे सापडले, काय बदलले, हे त्यात हवे. बोर्ड कमी असतील, तर टिंकरकॅडसारख्या मोफत सिम्युलेटरवर सुरुवात करता येते. पंप थेट बोर्डच्या पिनला जोडायचा नाही आणि घरातल्या २३० व्होल्ट विजेला मुलांनी हात लावायचा नाही, हेही पहिल्याच तासाला सांगावे.

पंप चालला नाही, तरी तो का चालला नाही हे सांगू शकणारे मूल बक्षिसाला अधिक पात्र आहे.