हौशी निरीक्षकांची शिस्त

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, सुमारे एक मीटर व्यासाचा एक पाषाण वातावरणात शिरून फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याजवळ फुटला. हंगेरीतील वेधशाळेस तो जेमतेम सात तास आधी दिसला होता. तेवढ्या अवधीत उल्कानिरीक्षकांना निरोप गेले, ऐन हिवाळ्यात लोक कॅमेरे घेऊन उघड्यावर उभे राहिले, आणि दोनच दिवसांत त्याचा पहिला तुकडा शेतात हाती आला. या निरीक्षकांपैकी पुष्कळांना त्या जागरणाचा एक पैसाही मिळाला नाही.

हे काम एकट्याने होण्यासारखे नाही. उल्का साधारण ऐंशी ते शंभर किलोमीटर उंचीवर पेटते. तिची उंची व मार्ग ठरविण्यास दूरदूरची दोन ठिकाणे तरी हवीत. शिवाय वर्षावाचा बहर काही तासांचाच असतो, आणि जर्मनीत ढग असले तर बल्गेरियातील मोजणीवाचून गत्यंतर नसते.

तथापि नुसती माणसे जमवून भागत नाही. गावाकडच्या निरीक्षकाने वीस उल्का मोजल्या व शहरातल्याने चार, तर दोघेही खरे बोलत असतील. म्हणून १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या पद्धतीत वेळ, दिसणारा सर्वांत मंद तारा व ढगांचे प्रमाण नोंदविणे आवश्यक ठरते. एकही उल्का न दिसलेला तासही वहीत उतरावा लागतो. वस्तुतः प्रामाणिकपणाची कसोटी तेथेच लागते.

सामायिक पद्धत नसली की काय होते, हे ब्रिस्टलच्या विल्यम डेनिंग यांच्या उदाहरणावरून दिसते. पेशाने हिशेबनीस असलेल्या या गृहस्थांना १८९८ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या परिश्रमांविषयी दुमत नाही. पण काही उल्कांचे उगमबिंदू महिनोन्‌महिने आकाशात स्थिर राहतात, हा त्यांचा आग्रह पुढे टिकला नाही. एकट्याच्या वहीतील चूक दाखविणारी दुसरी वही लागते.

आता स्वयंचलित कॅमेऱ्यांची जाळी पसरली असल्याने डोळ्यांनी मोजण्याची गरज उरली नाही, असे म्हटले जाते. हा हिशेब उथळ आहे. मागील शतकाच्या बहुतेक नोंदी डोळ्यांच्या आहेत, आणि कॅमेऱ्याचे मोजमाप वेगळे असते. डोळ्यांची मालिका तुटली तर आजचा वर्षाव जुन्या वर्षावांशी ताडून पाहणे अवघड होईल. या श्रमास बाजारभाव नाही, तो राष्ट्रीय उत्पन्नातही धरला जात नाही. म्हणूनच त्याची हानी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. रस्त्यांवरील दिव्यांचा झगमगाट वाढतो तसे मंद तारे बुजतात, गणितातील दुरुस्ती मोठी होते आणि तिच्याबरोबर चुकीचा संभवही.

निरीक्षकांचा पुरवठाही विषमच. ऑगस्टच्या उबदार रात्री ययाति वर्षाव पाहण्यास युरोपात माणसे विपुल. डिसेंबरातील मिथुन वर्षाव अधिक समृद्ध असूनही त्याच्या वह्या ढगांमुळे व थंडीमुळे पुष्कळदा कोऱ्या राहतात.